उभ्याने खाल्लेलं

आमच्या आईच्या शास्त्राप्रमाणे उभ्याने खाल्लेलं अन्न पोटात जात नाही, थेट गुडघ्यात उतरतं. माझे पाय दुखतात म्हटलं की ती पहिला प्रश्न विचारते, "काल कुठे उभा राहून गिळलंस?" या हिशेबाने माझे गुडघे एव्हाना चांगलेच बाळसेदार व्हायला हवे होते. गेली सत्तावीस वर्षं मी पालघरला राहतो, तारापूर एमआयडीसीत नोकरी करतो आणि मधल्या काळात बोईसर स्टेशनबाहेर उभा राहून खातो.

बोईसरला उभ्याने खाणं ही सवय नाही, कौशल्य आहे. संध्याकाळी जनरल शिफ्ट सुटली की शेअर रिक्षा माणसांचे गठ्ठे आणून पश्चिमेला ओततात. गाडीला किती वेळ आहे ते प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. मग डब्याची पिशवी दोन पायांच्या चिमट्यात, प्लेट डाव्या हातात, चमचा उजव्या हातात, एक डोळा कढईवर आणि एक पुलावर. फलाटावर गडगड झाली की ती मालगाडी आहे, गुजरातकडे जाणारी मेल आहे की आपली विरार लोकल, हे शेवटचा घास गिळता गिळता नुसत्या आवाजावरून सांगता आलं पाहिजे. नवख्या माणसाला ते जमत नाही. तो मालगाडीसाठी अर्धी प्लेट टाकून पळतो आणि खजील होऊन परत येतो, तोवर त्याची जागा गेलेली असते. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा हे आवाजाचं ज्ञान आम्हाला नव्याने शिकावं लागलं होतं.

माझी गाडी चायनीजची. गाडी म्हणजे लाल रंगाची, चार चाकांची, वर ड्रॅगन काढलेली. हा ड्रॅगन ज्याने काढला त्याने आधी आयुष्यभर नागपंचमीचे नाग काढले असावेत. गाडीवाला पोरगा वाणगावचा. हाफ हक्का नूडल्स, वरून कांद्याची पात, बाजूला शेजवान चटणी. ही चटणी चिनी माणसाला दाखवली तर तो तिचा देश ओळखणार नाही, पण ते त्याचं दुर्दैव.

तर अशा माणसाला कंपनीने जपानला पाठवलं. जपानी मशीन घेतलं होतं आणि ते चालवायला बारा दिवसांचं शिक्षण फुकट होतं. मेंटेनन्समधल्या ज्या पोरांना चांगलं इंग्रजी येत होतं ती सगळी नोकरी सोडून गेली होती. उरलो मी.

कारखाना हिमेजी शहराजवळ होता. पहिल्याच दिवशी संध्याकाळी हिमेजीच्या फलाटावर उतरलो, आणि समोर बघतो तर माणसं उभी राहून नूडल्स खातायत! ओळीने पाठी, पायांच्या चिमट्यात बॅगा, एक डोळा गाडीच्या पाटीवर. मला भरून आलं. परदेशात गणपतीचं देऊळ दिसल्यावर लोकांना होतं ना, तसं काहीतरी झालं.

याला ते लोक 'ताचिगुई' म्हणतात, म्हणजे चक्क 'उभ्याने खाणं'. नाव ठेवण्यातही त्यांनी वेळ घालवलेला नाही. दारात एक यंत्र असतं. पैसे टाकायचे, चित्र बघून बटण दाबायचं, चिठ्ठी निघते ती काउंटरवर ठेवायची. चारेकशे येन, म्हणजे आपले सव्वादोनशे-अडीचशे रुपये, आणि तिकडे हे स्वस्तातलं खाणं. मी चिठ्ठी ठेवली आणि सवयीने बाजूला होऊन नंबर पुकारायची वाट बघायला लागलो. पिशवी पायांत धरायला वाकलो, वर आलो, तर वाडगा समोर. वाफाळता, भजं ठेवलेला. बोईसरला एवढ्या वेळात पोऱ्याने नुसतं "हाफ की फुल?" एवढंच विचारलं असतं.

नेहमी अशा दुकानांत सोबा नाहीतर उदोन मिळतो. उदोन गव्हाचा. सोबा कुट्टूचा, हो, तोच कुट्टू, ज्याच्या पुऱ्या आमच्या एमआयडीसीतले उत्तरेकडचे कामगार नवरात्रात उपासाला खातात. म्हणजे अर्धा जपान बारा महिने उपासाचं खाऊन गाड्या पकडतो. हिमेजीची गोष्ट मात्र निराळी. तिथे 1949 पासून फलाटावर जे मिळतं त्यात शेवया चिनी धाटणीच्या, पिवळ्या, आणि रस्सा जपानी. युद्धानंतर पिठाची टंचाई होती आणि आधी करून पाहिलेल्या शेवया टिकेनात, म्हणून हा संकर. चायनीज शेवया, ज्यांना चीनशी फारसं कर्तव्य नाही, आणि स्टेशन. मी सहा हजार किलोमीटर प्रवास करून बोईसरलाच पोचलो होतो.

फरक एकच होता, आवाजाचा. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर कढई आपटते, शेगडी फुरफुरते, आणि शेजारचा अनोळखी माणूस चार मिनिटांत तुम्हाला त्याच्या पीएफची आणि मेव्हण्याची सगळी हकिगत सांगतो. इथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पण भुरके! काय ते भुरके! टाय लावलेले, टक्कल चमकणारे, पोक्त साहेब असे ओरपत होते, की वाडीतली पंगत कढीवर आलीय असं वाटावं. आणि मी? आईच्या धाकात वाढलेला. तोंड मिटून, आवाज न करता, सभ्यपणे खायला गेलो आणि जीभ पोळून घेतली. मग कळलं की भुरक्याबरोबर वारा आत जातो, शेवई निवते, आणि म्हणून एवढा उकळता वाडगा ते लोक पाच मिनिटांत संपवतात. ही सगळी गाडी पकडायची युक्ती!

दुसऱ्या दिवशी मी कसर भरून काढली. आमचे आजोबा बशीतून चहा पीत तेव्हा पलीकडच्या आळीतलं कुत्रं कान टवकारत असे. ते रक्त माझ्यातही आहे. मी सगळ्या घराण्याला स्मरून एक भुरका मारला. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बोईसरला निदान कुणीतरी "काका, पाणी देऊ?" असं विचारलं असतं.

आता त्या रश्श्याबद्दल. वाडगा तोंडाजवळ नेला आणि मला थेट सातपाटी दिसली. आईचं माहेर सातपाटी. सुट्टीत मामाकडे गेलो की वलांड्यांवर वाळणारे बोंबील गाव लागायच्या आधी नाकाला भेटायचे. तोच वास, फक्त जरा आंघोळ करून, इस्त्री करून आलेला. चौकशी केली. दाशी नावाचं ते पाणी, त्यात कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि कुप्याच्या जातकुळीतला एक मासा असतो. मासा शिजवून, धुरी देऊन, वाळवून वाळवून लाकडासारखा टणक करतात आणि मग त्याला रंधा मारतात. मी आईसाठी त्या सालप्यांचं एक पाकीट घेतलं. दुसऱ्या कुठल्या देशातून आईला सुतारकामाचा भुसा नेला असता तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

पालघरला आल्यावर तिने पाकीट फोडलं, वास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मासा आहे."

"हो."

"मग याचं करतात काय?"

"गरम पाण्यात घालतात. जरा वेळाने गाळतात."

"आणि मग मासा खातात."

"नाही. पाणी ठेवतात."

आई खुर्चीत बसली. एवढी चांगली मासळी पकडायची, शिजवायची, धुरी द्यायची, वाळवायची, रंधायची आणि शेवटी पाणी ठेवून मासळी गाळून टाकायची, हे तिच्या सातपाटीच्या डोक्यात शिरेना. "पोटाला काही दुखतं का रे त्यांच्या?" तिने काळजीने विचारलं. त्या भुशाची तिने दुसऱ्या दिवशी कांदा, मिरची, कोकम घालून चटणी केली. भाकरीबरोबर फार झकास लागली. जपानात हे कळवावं की नाही, यावर मी अजून विचार करतोय.

पण खरी गंमत पुढेच आहे. 1908 साली तोक्योच्या इकेदा नावाच्या प्राध्यापकांना प्रश्न पडला की या दाशीला अशी चव येते कुठून? गोड नाही, खारट नाही, आंबट नाही, कडू नाही. त्यांनी कोंबू उकळून उकळून त्यातून ती चव वेगळी काढली. पुढच्याच वर्षी तिची पांढरी पूड बाजारात आली. नाव ठेवलं 'अजिनोमोटो', म्हणजे 'चवीचं मूळ'.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी बोईसरच्या गाडीवर उभा होतो. पोऱ्याने नेहमीप्रमाणे कढई उडवली, डब्यातून पांढरी पूड चिमटीत घेतली आणि वरून सोडली. सत्तावीस वर्षं मी ती चिमूट बघतोय! म्हणजे चीनचा ड्रॅगन रंगवलेल्या गाडीवर, वाणगावचा पोरगा, माझ्या डोळ्यांदेखत, रोज जपानी फलाटावरचा रस्सा चिमटीतून सोडत होता. मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जास्त टाकू का?"

इकडे बुलेट ट्रेनचे खांब उभे राहतायत. मुंबई ते अहमदाबाद 508 किलोमीटर, बारा स्थानकं, आणि त्यातलं एक बोईसर. 2014 पासून जिल्ह्याचं मुख्य ठाणं आमचं पालघर, पण जपानी गाडी थांबणार बोईसरला. पालघरच्या माणसाला हे जिव्हारी लागलेलं आहे. आम्ही ते चेहऱ्यावर दाखवत नाही, लेखात लिहितो. माझी चिंता वेगळी आहे. बुलेट ट्रेनबरोबर ते उभ्याने खायचं काउंटरही आलं, तर शेजारीच आमची लाल गाडी, आणि दोन्हीकडे एकच चिमूट. मी कुठे उभा राहू?

जपानला मला शिकवणारे जे साहेब होते, त्यांनी निरोपाच्या रात्री मोबाइलच्या भाषांतरातून एक जुनी गोष्ट सांगितली. रकुगो म्हणून त्यांच्याकडे बसून गोष्टी सांगायची कला आहे, त्यातली 'तोकी सोबा' ही गोष्ट. रात्री गाडीवर सोबा खाऊन एक लबाड सोळा नाणी मोजतो. "...सहा, सात, आठ, काय हो, किती वाजले?" "नऊ." "दहा, अकरा, बारा..." असं करत सोळापर्यंत जातो आणि एक नाणं वाचवतो. एक भोळसट हे बघतो. दुसऱ्या रात्री तोही जातो, पण उतावळेपणाने लवकर जातो. जुन्या जपानी घड्याळात मध्यरात्रीच्या नवाआधी चार वाजायचे. "...सात, आठ, किती वाजले?" "चार." "पाच, सहा, सात..." चार नाणी जास्तीची गेली.

मला हा डाव बोईसरला खेळायचाच होता. हल्ली अवघड आहे, कारण सगळे मोबाइलने पैसे देतात आणि गाडीला टांगलेला डबा आकडा सगळ्या स्टेशनला ओरडून सांगतो. म्हणून नातवाच्या गल्ल्यातून पाचाची नाणी काढली. हाफ प्लेट साठ रुपये, म्हणजे बारा नाणी. ओव्हरटाइम करून आठला पोचायचं, सातपर्यंत मोजायचं, वेळ विचारायची, "आठ" म्हणाला की पुढे "नऊ". आठवडाभर सराव केला. आरशासमोर केला.

नेमका त्या दिवशी ओव्हरटाइम रद्द झाला. गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाची चूक मला तोंडपाठ होती, पण तोंडाला सातपर्यंतचे आकडेही तितकेच पाठ होते. नूडल्स खाल्ल्या, नाणी काढली. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात... काय रे, किती वाजले?"

"पावणेसात."

"सात," माझं तोंड म्हणालं, "आठ, नऊ, दहा, अकरा, बारा."

पोऱ्याने नाण्यांवर नुसता हात फिरवला.

"काका, पाच जास्त झाले. मंचुरियनचा एक गोळा टाकू?"

टाक म्हटलं. उभाच होतो.