जाळ वर, चाप खाली

स्मेदिक, आखाडातला रविवार, रात्र



आई, आधी एवढं वाचा: घर जळलेलं नाही, तुमचा लेकही जळलेला नाही. मधल्या काकूंना तेवढं लगेच सांगा. तुमच्यामागोमाग त्यांचा फोन आला होता आणि "पोरं भाईर काढली का गं?" असं म्हणत त्या रडत होत्या. म्हणजे गल्लीत बातमी पोचली. आबांना फोनवर ऐकू येत नाही आणि पत्राशिवाय पटत नाही, म्हणून भांडी भिजत टाकून लिहायला बसले आहे.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही ऐकलीत ती धुराची घंटा. भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर घरमालकानं अशी एक घंटा बसवायची, असा इंग्लंडात 2015 पासून कायदाच आहे. कायदा चांगला, त्यानं माणसं वाचतात, सगळं मान्य. पण तो करणाऱ्यांच्या घरात कधी लाल तिखट तेलात पडलेलं नसावं. आमची खालची घंटा जिन्यात, स्वयंपाकघराच्या दारापासून हातभरावर. वरची आणि खालची एकमेकींना जोडलेल्या. खालची ओरडली की काय झालं हे न विचारता वरचीही सुरू होते, थेट मधल्या काकू आणि आत्याबाईंसारखी. (हे आत्याबाईंना वाचून दाखवू नका.) खुर्चीवर चढून मधलं बटण दाबलं की ती थोडा वेळ गप्प बसते आणि आपण खुर्ची जागेवर नेऊन ठेवली की परत सुरू. झाकायची नाही, काढायची तर मुळीच नाही. त्यामुळं आमच्याकडं फोडणीची तयारी अशी: मागचं दार उघडायचं, खिडकी उघडायची, थोरलीला टॉवेल देऊन घंटेखाली वारा घालायला उभं करायचं, आणि मग मोहरी. जानेवारीत या पद्धतीनं केलेल्या रश्श्यावर ताटात येईपर्यंत साय धरते. घरमालकाला सांगून बघितलं, तर तो म्हणाला, कमी तळत जा!

आज मात्र फोडणी नव्हती. आज ह्यांना मिक्स्ड ग्रिल करायचं होतं.

आबा, हे इंग्रजांचं जुनं ताट. मटणाचा चाप, गुर्दा, काळीज, सॉसेज, खारवलेलं डुकराचं मांस, गाईच्या मांसाचा तुकडा, शिवाय भाजलेला टोमॅटो, अळंबी, बटाट्याचे काप, आणि एवढं कमी पडलं म्हणून वर एक अंडं. कुठं कुठं अंड्याच्या जागी अननसाची चकती. मांस सगळं जाळावर भाजलेलं, आणि ताट सगळं कोरडं. डुकराचं आणि गाईचं आम्ही गाळलं, तुम्ही विचारणारच.

आमच्या भागात या ताटाचं सोनं केलं ते पंजाब्यांनी. 1950-60 च्या सुमारास ते इथल्या ओतकामाच्या कारखान्यांत कामाला आले, तेव्हा काही पबांत सावळ्या माणसाला गोऱ्यांच्या खोलीत बसू देत नसत. हा रंगभेद डोळ्यांनी बघायला अमेरिकेचा माल्कम एक्स 1965 च्या फेब्रुवारीत आमच्या स्मेदिकच्या मार्शल स्ट्रीटवर येऊन गेला. त्याच वर्षी असल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. आता इथले कितीतरी पब पंजाबीच चालवतात, आणि त्यांच्या मिक्स्ड ग्रिलमध्ये चाप, सीख कबाब, तंदुरी कोंबडी, माशाची भजी, सगळं कांद्याच्या ढिगावर चरचरत लोखंडी तव्यातून येतं. शेजारच्या टेबलावर तवा आला की ह्यांचं माझ्या बोलण्याकडं लक्ष राहत नाही.

पण चौघांचं बिल येतं तेव्हा मी रुपयांत हिशेब करते आणि माझं जेवण अंगाला लागत नाही. एका पौंडाला शंभरावर रुपये. म्हणून ठरलं, घरीच करू. तर नुसत्या चापांचाच किलोचा भाव कुरुंदवाडच्या मटणाच्या दुपटीच्या वर! 2019 साली मटणाच्या दरासाठी कसबा बावडा उठला होता, कोल्हापूर पेटलं होतं. इथं दुकानात पाटी वाचून ह्यांचीही मूठ वळली, पण मागं घोषणा द्यायला कोण? मी आणि ढकलगाडीतला धाकटा. गुर्दे आणि काळीज मात्र स्वस्त, इथली माणसं त्याला नाक मुरडतात. खाटीक मिरपूरकडचा, भला माणूस. आमच्या गावात पाच मशिदींत गणपती बसतात, असं ह्यांनी सांगितलं तर त्याला थाप वाटली. फोनवर फोटो दाखवल्यावर त्यानं ते मागच्या गिऱ्हाइकालाही दाखवले आणि दोन गुर्दे वर टाकले. बाप्पाचा असा प्रसाद पहिल्यांदाच मिळाला.

इथल्या ग्रिलची तऱ्हा ऐका. भट्टीच्या छताला लाल तापणारी सळई असते आणि मांस खालच्या जाळीवर. म्हणजे जाळ वर, चाप खाली. आपल्या चुलीच्या बरोब्बर उलटं. क्रमही आहे: सॉसेज आधी, त्याला वेळ लागतो, मग कोंबडी, मग चाप, काळीज आणि गुर्दा अगदी शेवटी, नाहीतर वातड होतात. ह्यांनी कागदावर वेळापत्रक लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. बोर्डाच्या परीक्षेला असलं काही केल्याचं आबांच्या ऐकिवात आहे का? तुमच्या पार्सलातली चटणी, आलं-लसूण आणि दही लावून चाप रात्रभर मुरत ठेवले होते. (चटणी नीट पोचली, चार पिशव्यांतून वास येत होता. डंकावर या वेळी कोण गेलं होतं? मीठ एक चिमूट जास्त आहे, पण रंग असा की पोस्टमन दोन पावलं मागं सरला.) चापांची चरबी तापून थेट सळईवर उडाली, निळा धूर निघाला, ह्यांनी तुम्हाला दाखवायला धरलेला फोन टाकून खुर्ची गाठली. पुढचं तुम्ही ऐकलंच.

घंटा ऐकून शेजारची म्हातारी गाऊनवरच आली. तिला आत बसवलं. ताटं सजली, फोटो निघाले. पहिला घास खाऊन तुमच्या लेकानं ताटाभोवती बघितलं, गॅसकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. मी काही न बोलता मागच्या शेगडीवरचं झाकण काढलं. चापांची छाटलेली हाडं सकाळीच शिजायला टाकली होती मी, नारळाचं दूध घालून पांढरा केला होता. कुरुंदवाडचा माणूस रश्श्याशिवाय उठत नाही हे मी लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी शिकले. म्हातारी दोन वाट्या प्याली आणि तिसरी डब्यात मागून घेतली.

पण आई, हे ताट मला काही आपलं वाटलं नाही. ज्याचं त्याचं वेगळं, मोजून. पोरांनी एकमेकांचे चाप मोजले. नळी कुणाची यावरून भांडण नाही, त्यामुळं जत्रेतल्या नळीची गोष्टही निघाली नाही. आणि सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात भाकरी फिरवून खाणारं कोणी नाही. ते आठवलं आणि कांदा नसताना डोळ्यांना पाणी आलं. हे म्हणाले, धुरानं. मी म्हटलं, असेल.

हे रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी राजाराम बंधाऱ्यावरची पुराची पातळी बघतात. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, पोरांना पाढ्यासारखं पाठ झालंय. या वर्षी माळा रिकामा करायची वेळ आली तर आबांनी स्वतः शिडीवर चढू नये. नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं की आत्याबाईंना गुडघ्यासकट तिकडं जायचं असतं, त्यांनाही आवरा.

पेढे पाठवू का म्हणून विचारलंत. नको. दुधाचं काही भारतातून इथं आणू देत नाहीत, बासुंदी तर विसराच. आणि काळजी करू नका, सोमवार-गुरुवार कटाक्षानं पाळतो. श्रावण लागायच्या आत अजून एक ग्रिल करायचं ह्यांच्या मनात आहे, तेव्हा काकूंना आधीच सांगून ठेवा.

म्हैस किती लिटरची निघाली ते लिहा. भिंतीचं प्रकरण कोर्टात नेऊ नका, चुलतभाऊच आहेत, एखाद्या रविवारी तांबड्यावर मिटेल. आणि बंड्याला म्हणावं, मुलगी बघायला गेल्याचे फोटो पाठवलेस ते मिळाले. सगळ्यांत बुलेटच आहे. मुलगी कुठाय?

तुमची थोरली सून