अंगण वाकडंच हवं म्हणे!

काय काळ आलाय बघा! महागातले लॅपटॉप, डोळे दिपवणारे स्क्रीन, त्यावर हवी तेवढी सरळ रेघ मारायची सोय, आणि आयटीतली मंडळी कॉम्प्युटरला विनवतात काय, तर "बाबा रे, जरा वाकडी मार." सर्व्हरचा चौकोन तिरपा, युजरचा गोल चेपका, बाण थरथरता आणि प्रत्येक रेघ दोनदा गिरवलेली. एलिमेंटरीच्या परीक्षेला भूमितीच्या पेपरात कुणी अशी दुहेरी रेघ मारली असती, तर चित्रकलेच्या सरांनी पट्टीच उगारली असती. इथे तीच रेघ क्लायंटच्या डेमोत मिरवते आणि वर कौतुक होतं, "किती छान, अगदी हाताने काढल्यासारखं!"

या थेराचं नाव एक्सकॅलिड्रॉ. ब्राउझरात चालणारा ओपन सोर्स फळा. नुसता वापरून मन भरलं असतं तर एक वेळ डोळेझाक केली असती. पण हल्ली ज्याला त्याला हा फळा आपल्या अ‍ॅपच्या आत बसवून हवाय. नोट्सचं अ‍ॅप? बसवा. ऑनलाइन क्लास? बसवा. सोसायटीच्या तक्रारींचं पोर्टल? तिथेही बसवा, गळती कुठे आहे ते रहिवासी काढून दाखवतील!

याची कुळकथा तर आणखी मजेची. 1 जानेवारी 2020. लोक नव्या वर्षाचे संकल्प करत होते, तेव्हा फेसबुकमधले इंजिनिअर ख्रिस्तोफर शेडो यांनी हा फळा लिहायला घेतला. हे गृहस्थ कोण? रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या जन्मदात्यांपैकी एक, आणि जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड शिस्तीत, एका ओळंब्यात लावणारं 'प्रेटियर' ज्यांच्या हाताखाली मोठं झालं तेही हेच! एका हाताने सगळ्यांचा कोड सरळ करायचा आणि दुसऱ्या हाताने सगळ्यांच्या रेघा वाकड्या. याला काय म्हणावं?

आणि तो वाकडेपणा तरी साधासुधा आहे का? त्याला पायऱ्या आहेत. आकार निवडला की बाजूच्या पट्टीत तीन बटणं दिसतात: आर्किटेक्ट, आर्टिस्ट आणि कार्टूनिस्ट. आर्किटेक्टची रेघ त्यातल्या त्यात सभ्य, आर्टिस्टची सैल, आणि कार्टूनिस्टची पार सुटलेली. मागे राबते 'रफ जेएस' नावाची लायब्ररी. त्याहून कहर म्हणजे प्रत्येक आकाराच्या माहितीत 'सीड' म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. त्या आकड्यावरून रेघ कुठे आणि किती थरथरणार ते ठरतं. फाईल उद्या उघडा, बॉसच्या मशीनवर उघडा, थरथर तिथेच आणि तेवढीच! निष्काळजीपणाचीही इतकी काळजी आमच्या पिढीत कुणी घेतली नव्हती.

समर्थकांकडे उत्तर तयार असतं. म्हणे, डायग्राम चकचकीत असला की मीटिंगमधल्यांना वाटतं सगळं ठरूनच आलंय, मग कुणी तोंड उघडत नाही. वाकडा दिसला की ज्युनिअरसुद्धा बिनधास्त म्हणतो, "सर, हा बाण उलटा पाहिजे ना?" नाक मुरडत का होईना, हे मात्र मान्य करावं लागतं.

खरा तमाशा पुढे आहे, बसवण्याचा. ज्याला विचारावं तो छाती फुगवून सांगतो, "दोन ओळींचं काम! एनपीएमवरून पॅकेज घ्या, रिअ‍ॅक्टमध्ये कंपोनंट टाका, झालं." टाका की. पानावर फळा कुठाय? काही नाही, पांढरं फटक! कारण साहेबांचा स्वभाव असा की बाहेरच्या डब्याला जेवढी उंची, तेवढीच आपली. डब्याला उंचीच दिली नसेल तर हेही शून्यात विलीन. बाहेरच्या डिव्हला पाचशे पिक्सेल उंची द्या, लगेच प्रकट होतील. नव्या आवृत्तीत सीएसएसची फाईलही आपणच वेगळी आयात करायची. विसरलात तर बटणं अस्ताव्यस्त. नेक्स्ट जेएसवाल्यांची तर वेगळीच रड. सर्व्हरवर पान रचायला गेलं की 'विंडो इज नॉट डिफाइन्ड'ची बोंब, कारण हा फळा ब्राउझरबाहेर पाऊल टाकत नाही. तिथे डायनॅमिक इम्पोर्ट करायचं आणि एसएसआर बंद ठेवायचं. फॉन्टसुद्धा सांगितलं नाही तर बाहेरच्या सीडीएनवरून येतात. बँकेसारख्या बंद नेटवर्कमध्ये ते येत नाहीत आणि हस्ताक्षराचा सगळा थाट उतरतो. मग फॉन्टचा फोल्डर आपल्या सर्व्हरवर ठेवा, त्याचा पत्ता कळवा. आता मोजा त्या दोन ओळी!

एवढं झालं की पेढे वाटले जातात. आणि दुसऱ्या दिवशी युजर विचारतो, "काल काढलेलं चित्र कुठंय?" अहो, फळा बसवला म्हणजे तो सामान सांभाळेल असं कुणी सांगितलं होतं? हे कंपोनंट चित्र काढू देतं. साठवणं ही तुमची जबाबदारी. प्रत्येक बदलाला 'ऑन चेंज' हाक मारतं. हाक तरी किती! आकार नुसता निवडला तरी हाक. प्रत्येक हाकेला कुणी सर्व्हरवर सेव्ह करत बसला तर सर्व्हरच हात जोडेल, म्हणून हात थांबल्यावर एकदाच सेव्ह करायचं. त्यातही एक मेख आहे. आकार एका यादीत येतात, पण फळ्यावर चिकटवलेले फोटो वेगळ्या गाठोड्यात. यादी तेवढी जपली आणि गाठोडं विसरलं की चित्र उघडतं, चौकट दिसते, फोटो गायब!

मग येते सर्वांत चविष्ट मागणी: "सगळ्यांनी मिळून एकाच वेळी काढायचंय, त्यांच्या वेबसाइटवर होतं तसं." वेबसाइटवर होतं, हो. पण पॅकेजमध्ये ती सोय येत नाही. त्यासाठी वेगळा सर्व्हर मांडावा लागतो. डॉकरची तयार इमेज उचलून आपल्याकडे चालवली तरी शेअरिंग आणि एकत्र काम आपोआप मिळत नाही. हे डेमोच्या आदल्या रात्री कळतं, असा या धंद्यातला रिवाज आहे. बाकी मूळ वेबसाइटवरची व्यवस्था पाहून मात्र तोंडात बोट जातं. चित्र ब्राउझरातच कुलूपबंद होतं आणि किल्ली लिंकमध्ये हॅशच्या चिन्हापुढे असते. तो भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळे सर्व्हरवाल्यांनाही आत काय आहे ते दिसत नाही. एवढी कडेकोट गुप्तता, आणि आपली मंडळी ती अख्खी लिंक दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात!

शेजारच्या घरातही कुजबुज आहेच. टीएलड्रॉ नावाचा दुसरा फळा, देखणा आणि मऊ हाताचा. सोर्स तिथेही वाचता येतो, पण डिसेंबर 2023 पासून त्याचा परवाना वेगळा. 'मेड विथ टीएलड्रॉ'चा शिक्का पाहून कित्येकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. सोर्स दिसतोय म्हणजे सगळं माफ, असं समजणाऱ्यांनी परवाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. एक्सकॅलिड्रॉचा परवाना एमआयटी, म्हणजे धंद्यात वापरायलाही मोकळीक.

आता घरची गोष्ट. एक्सकॅलिड्रॉच्या भाषांतरांत मराठीही आहे. भाषेचा कोड 'एमआर-आयएन' दिला की मेनू मराठीत बोलू लागतो. पण फळ्यावर 'ग्राहक' किंवा 'गोदाम' लिहा, चौकोन डुलतोय आणि अक्षरं सरकारी परिपत्रकासारखी ताठ! कारण तिथल्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये देवनागरी नाही; अक्षर येतं ते आपल्या मशीनवरच्या फॉन्टचं.

वास्तविक हस्ताक्षराच्या वळणाचा, देवनागरी लिहिणारा 'कलम' हा फॉन्ट मुक्त परवान्यात उपलब्ध आहे आणि फळ्याचा सोर्सही उघडा आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी हा फळा आपल्या अ‍ॅपमध्ये बसवायला घेतला, तर डब्याला उंची द्यावी, फोटोंचं गाठोडं जपावं आणि जमलं तर एक शनिवार-रविवार घालवून ते देवनागरी अक्षर तेवढं आत बसवून द्यावं. नावं ठेवायला आम्ही बसलोच आहोत, पण त्या कामाला पहिली शाबासकीही आमचीच असेल.