पाठवणी

महाराष्ट्र बाईचा मान राखत नाही, असे म्हणणाऱ्याने प्रतिभाताई पाटलांची कारकीर्द सावकाश वाचावी. 1962 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या विधानसभेत आल्या आणि लागोपाठ पाच निवडणुका जिंकून 1985पर्यंत तिथे राहिल्या. मंत्रिपदेही मिळाली. आरोग्य, दारूबंदी, समाजकल्याण, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य, शिक्षण. आजाऱ्याची उस्तवार, पिणाऱ्याला आवरणे, पोरांचा अभ्यास आणि घरचे सणवार! घरी जी कामे बाईचीच म्हणून ठरलेली असतात, त्यांना मंत्रालयात खाती म्हणतात, एवढाच काय तो फरक. पुढे काही काळ नगरविकासही आले, पण ते पाहुण्यासारखे आले आणि गेले.

खरी गंमत 1979ची आहे. शरद पवारांचे पुलोद सरकार सत्तेवर, इंदिरा काँग्रेस विरोधात, आणि विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदी प्रतिभाताई. विरोधी पक्षनेता म्हणजे वेटिंग लिस्टवरचा पहिला मुख्यमंत्री, असा आपला समज. फेब्रुवारी 1980मध्ये पुलोद सरकार बरखास्त झाले, निवडणुकीत पक्ष दणक्यात परतला आणि शपथ घेतली अंतुल्यांनी. ते गेल्यावर बाबासाहेब भोसले, मग वसंतदादा, मग निलंगेकर, मग शंकरराव चव्हाण. सहा वर्षांत पाच मुख्यमंत्री! खुर्ची इतक्यांदा रिकामी झाली, तरी वेटिंग लिस्ट काही हलली नाही. पडत्या काळात घर सांभाळलेल्या बाईंकडे वसंतदादांच्या राज्यात नागरी पुरवठा आला. म्हणजे साखर आणि रॉकेल, पुन्हा स्वयंपाकघरच.

यावर जाणकार सांगतात, मुख्यमंत्रिपदाला गट लागतो, साखरपट्टा मागे लागतो. मग बाबासाहेब भोसल्यांचा गट कुठला, हे त्यांनीच सांगावे. दुसरे म्हणतात, त्यांच्याशी जोडलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना 2003 साली रिझर्व्ह बँकेने रद्द केला, साखर कारखान्याचे कर्ज थकले. आक्षेप गंभीर आहे आणि झाकण्याचे कारण नाही. पण बुडीत बँक आणि थकलेला कारखाना ही महाराष्ट्रात अपात्रता ठरली, तर मंत्रिमंडळाच्या बैठकीला गणपूर्ती व्हायची नाही. शिवाय बँकेचा परवाना गेला 2003मध्ये आणि खुर्ची हुकली 1980मध्ये. इतकी दूरदृष्टी पक्षश्रेष्ठींना कुणी बहाल करू नये. तिसरा आक्षेप जनतेच्या नावावर खपवतात: लोकांना बाई चालणार नाही. शेजारच्या गोव्यात 1973 साली शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, त्याही मराठीचा झेंडा घेतलेल्या मगोपच्या. वडील भाऊसाहेब बांदोडकर यांची गादी होती म्हणून जमले, हे खरे. पण गाद्यांची टंचाई महाराष्ट्राला कधी होती?

तेव्हा आपली रीत सरळ दिसते. बाई डोईजड व्हायच्या आत ओटी भरून तिची पाठवणी करायची. 1985मध्ये राज्यसभा, पुढच्या वर्षी तिथले उपसभापतिपद, 1991मध्ये अमरावतीहून लोकसभा, 2004मध्ये राजस्थानचे राज्यपालपद. मध्ये एकदा प्रदेशाध्यक्षपदासाठी माहेरपणही झाले. जयपूरला पोचल्यावर त्यांना काय दिसले असेल? मुख्यमंत्री वसुंधरा राजे, विधानसभेच्या अध्यक्ष सुमित्रा सिंह. ज्या राजस्थानला आपण घुंघटावरून नावे ठेवतो, तिथल्या तिन्ही खुर्च्यांवर बायका, आणि फुले-सावित्रीबाईंचे नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू न करणाऱ्या राज्यात 1960पासून मुख्यमंत्रिपदावर एकही नाही.

2007मध्ये त्या राष्ट्रपतिपदाला उभ्या राहिल्या, तेव्हा महाराष्ट्राचा ऊर भरून आला. शिवसेनेने युती बाजूला ठेवून मराठी उमेदवाराला मते दिली. त्या निवडणुकीत आपल्या एकेका आमदाराच्या मताचे मूल्य 175 असते. मुख्यमंत्री निवडताना हेच आमदार एका ओळीचा ठराव करून सगळे अधिकार दिल्लीला देतात, तेव्हा ते किती असते याचे कोष्टक अजून छापलेले नाही. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, 2009मध्ये, राष्ट्रपती प्रतिभाताई पुण्याच्या लोहगाव विमानतळावर वैमानिकाचा पोशाख चढवून शिडीने सुखोईत बसल्या आणि आकाशात फिरून आल्या. लढाऊ विमानात त्यांना जागा मिळाली. मंत्रालयाला मुख्यमंत्र्यांच्या दालनाचा सहावा मजला आहे, लिफ्टही आहे.