भूतदयाळू दिग्दर्शक

जव्हार-मोखाड्याकडे कॉलेजं सुरू झाली आणि घाटात धुकं उतरलं की एक हॉररवाला दिग्दर्शक हमखास उगवतो. अंगात काळा टीशर्ट, गळ्यात मामेभावाचा उसना कॅमेरा आणि बोलता बोलता दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत आखलेली चौकट. त्याचा ट्रेलर दोन मिनिटांचा असतो आणि त्यात दोन तासांचा ऐवज असतो. आधी ड्रोनमधून दिसणारी दरी, मग 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी, मग करकरणारं दार. विसाव्या सेकंदाला पांढऱ्या साडीतलं भूत हजर. साडी आईची, आत हॉस्टेलवरचा मित्र आणि साडीच्या काठाखाली त्याचे स्पोर्ट्स शूज. हेच भूत पुढे सहा वेळा येतं, दर वेळी कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासकट. शेवटाकडे ते कोण, का मेलं आणि कुणाचा सूड घेतंय हेही कळतं. मग काळ्या पडद्यावर अक्षरं उमटतात: 'लवकरच'.

ट्रेलर का जमला नाही असं विचारलं की तो कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो. खरा दोष त्याच्या दानतीत आहे. भुताच्या बाबतीत तो फार सढळ हाताचा, आणि भीतीच्या धंद्यात कंजुषच तरतो. 1975 सालच्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गला तो फारसा दाखवताच आला नाही. लोक घाबरले ते नुसत्या पाण्याला आणि संगीताला. 2018च्या 'तुंबाड'मध्ये निम्मी दहशत संततधार पावसाची आहे. तो पाऊस आपल्या दिग्दर्शकाला चार महिने फुकट मिळतो, आणि हा पठ्ठ्या शूटिंगसाठी उघडीप शोधत बसतो.

बरं, हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. मोखाडा-जव्हारच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवात, रात्री सोंगं निघतात. आधी संबळ वाजतो, मग टेंभ्यांचा उजेड हलतो, मग गर्दी मागे सरकते आणि त्यानंतर कुठे मुखवटा नाचत पुढे येतो. कुठलं सोंग येणार हे गावाला पाठ असतं, तरी पोरं आईचा पदर धरतात. त्यांना धडकी भरते ती येण्याची. आपला दिग्दर्शक लहानपणापासून हे पाहतो आणि भूत मात्र कोरियन सिनेमातून मागवतो.

यावर तो म्हणेल, आजकाल पहिल्या तीन सेकंदांत धक्का दिला नाही तर अंगठा पुढे सरकतो. खरं आहे. पण अंगठा थांबवायला भूतच कशाला हवं? ओसाड पाड्यावर लाइट गेलेली आणि कुणीतरी आतून कडी घालतंय, एवढं तीन सेकंदांत बसतं आणि प्रश्नही मागे ठेवतं. उलट सुरुवातीलाच दिलेला धक्का दुसऱ्यांदा चालत नाही. सातव्यांदा तर प्रेक्षक शूजची कंपनी ओळखू लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बोहाडा देवाचा, त्याची भुताटकी करायची का? मुळीच नाही. मुखवटे घ्यायचे नाहीत, क्रम घ्यायचा. त्याच न्यायाने पाड्यावरच्या एखाद्या म्हातारीला चेटकीण ठरवणारं दृश्यही कापायचं. असल्या संशयापायी खऱ्या बायकांचे हाल झाले आहेत, आणि जादूटोण्याविरुद्ध 2013 साली राज्याला कायदा करावा लागला तो उगाच नव्हे.

तेव्हा उपाय बहुतेक कात्रीचेच. सात भुतांपैकी सहा कापा आणि उरलेलं फक्त ऐकू येऊ द्या. ढँणकन वाजणारं संगीत काढून पत्र्यावरचा पाऊस ठेवा. सूडाचं कारण पोटात ठेवा. ट्रेलर पन्नास सेकंदांवर येईल आणि पाहणारा पहिल्यांदाच विचारेल, "पुढे काय होतं?" दिग्दर्शकाची खरी गाळण तिथे उडेल, कारण पुढचं त्याने लिहिलेलंच नाही.