रिव्ह्यूअर नंबर दोन

वरच्या मजल्यावरच्या सरांचा पेपर आला म्हटलं, की सोसायटीतली भाबडी माणसं विचारतात, "कितव्या पानावर?" सरांचा पेपर दारात पडणारा नव्हे. तो जर्नलकडे जातो आणि घरी परत येतो. २००८ साली आपल्याकडे फार्म.डी. हा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि वॉर्डात केसपेपर चाळणारी पोरं व त्यांच्यामागे असे एक सर दिसू लागले.

सर कुठलंही विधान सरळ करत नाहीत. पाऊस पडतोय का विचारा, "पडत असल्याचे सूचित होते," म्हणतील. हा सगळा जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअर नंबर दोनचा धाक. नंबर एक 'छान' म्हणून सुटतो. नंबर दोनला नमुना लहान वाटतो, इंग्रजी लंगडं वाटतं, आणि संदर्भसूचीत स्वतःचे चार पेपर नाहीत याचं दुःख तर त्याला सांगताही येत नाही. लेखक म्हणवून घ्यायला जर्नलांच्या चार अटी असतात. विभागप्रमुखांना पाचवी पुरते : खुर्ची. वॉर्डात पाय मोडेस्तोवर उभी राहिलेली मुलगी यादीत चौथी.

मागच्या रविवारी मिसळ खाऊन सरांना जळजळ झाली. आपण थंड दूध प्यालो असतो. सरांनी नारांजो स्केल काढलं. त्रास घेतलेल्या औषधानेच झाला का, हे ठरवायचे त्यात १० प्रश्न. पूर्वीच्या नोंदी आहेत? वहिनींकडे ढीगभर, १ गुण. खाल्ल्यानंतरच झालं? २. थांबवल्यावर उतरलं? १. तर्री वाढवली तर वाढलं? १. मग तो प्रश्न आला : पुन्हा दिल्यावर पुन्हा झालं का? सरांनी मुकाट्याने चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आणखी २ गुण घेऊन आले. उपाशीपोटी तीन चहा झाले होते, म्हणून दुसऱ्या संभवनीय कारणाचा १ वजा. बेरीज ६, म्हणजे 'संभाव्य'. 'निश्चित'ला ९ लागतात.

"मी सांगते ना, निश्चित!" वहिनी म्हणाल्या. पण वहिनींचं मत पीअर-रिव्ह्यूड नाही.

सरांनी तो कागद आम्हा दोघा शेजाऱ्यांना दाखवला. पहिले म्हणाले, "छान." माझी जीभ वळवळली. म्हटलं, "पण सर, पेशंट एकच?"

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सोसायटीतल्या १२ जणांना सरांकडे मिसळ आहे. येताना संमतीपत्रावर सही करून आणायची आहे.