जन्माला यायचे सभासद

आमच्या वाचनालयाची सभासद-नोंद फॉक्सप्रोत होती. मायक्रोसॉफ्टने 2015 सालीच त्याच्यावरून हात काढून घेतला होता. कार्यकारिणीला हे कळलं ते जुना संगणक बसला तेव्हा. मग मायएसक्यूएल आलं, आणि ते बसवायला एक मुलगा आला. "काका, डेटा शंभर टक्के आलाय," असं सांगून गेला.

डेटा आला होता खरा. आप्पा तेवढे जन्माला यायचे होते.

आप्पांचा जन्म 1945 सालचा. जुन्या तक्त्यात जन्मसालाला दोनच अंकांचा रकाना, म्हणून नुसतं 45. मायएसक्यूएलचा लेखी नियम असा, की दोन अंकी साल 70 ते 99 असेल तर गेल्या शतकातलं, 69 पर्यंत असेल तर या शतकातलं. आप्पा एकदम 2045 साली गेले. आमचे निम्मे सभासद अजून व्हायचेच होते, तरी त्यांच्याकडे कादंबऱ्या थकलेल्या. वय शून्याखाली गेल्यामुळे ज्येष्ठांची सवलत बंद आणि कार्ड बालविभागाचं. आप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"असू दे. बालविभागात दंड नसतो ना?"

फोटोंचं दुखणं निराळं. विंडोजला फाइलच्या नावातली एबीसीडी मोठी की लहान याचं सोयरसुतक नसतं. नवा सर्व्हर लिनक्सचा, कडक सोवळ्यातला. नोंदीत 'जेपीजी' लहान अक्षरांत आणि फाइलवर मोठ्या, की झालं: फाइल सापडत नाही. "अहो, ही काय, इथंच आहे की!" म्हणत ग्रंथपालबाई पडद्यावर बोट आपटत. (देवनागरीत ही थोरली-धाकटी भानगडच नाही. पण फाइलींना इंग्रजी नावं द्यायची हौस कार्यकारिणीची.) सगळी नावं लहान अक्षरांत केल्यावर चेहरे परतले.

सालांवर मुलाने तोड काढली: जन्म भविष्यातला दिसला, की शंभर वर्षं वजा. आप्पा जन्मले. अडलं ते 22वर. 2022 साल होऊन गेलेलं, त्यामुळे यंत्राला हरकत नव्हती. आणि त्या चिमुरड्याच्या नावावर स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे.

"ते आजोबा केव्हाच गेले," बाई म्हणाल्या. "कार्ड नातू वापरतो."

"मग जन्मसाल कुणाचं टाकू?"

"पुस्तकं ज्याच्याकडे थकलीत, त्याचं."