लेकीचा नंदी, बापाचा बोजारा

घरात पहिलं मूल आलं की भिंतीवरच्या कालनिर्णयाचा ताबा बापाकडे जातो. निदान आमच्याकडे तरी गेला. लेक जन्मली एप्रिलमध्ये. यवतमाळचा एप्रिल म्हणजे कूलरमध्ये पाणी ओतायचं आणि ते संपेपर्यंत पुढची बादली भरायची. बाळ पाहायला आलेले पाहुणे आधी कूलरसमोरची खुर्ची पाहत आणि मग बाळ. अक्षय तृतीया, आषाढी, नागपंचमी हे सण लंगोट वाळवण्यात कधी सरले ते कळलं नाही. शेवटी एका रात्री मी लाल पेन घेतलं आणि पोळ्यापासून दिवाळीपर्यंत दिसेल त्या सणाभोवती गोल काढला. त्या भरात एका एकादशीभोवतीही निघाला.

बायको म्हणाली, "हे सण तिचे आहेत की तुमचे?"

प्रश्न अडचणीचा होता, म्हणून मी पेनाचं टोपण शोधू लागलो.

आमच्या विदर्भात पोळा दोन दिवसांचा. श्रावण अमावास्येला मोठा पोळा, तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लाकडी बैलांचा आणि पोरांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असं सांगतात, पोरांना बैलाचं मोल कळावं म्हणून. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वे या गावी तर असे नंदी निघतात, की खऱ्या बैलाने पाहिले तर लाजून गोठ्यात जावं. राजांनी विचार केला होता तो मुलांचा. मुलांचे बाप त्यात घुसतील, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मोठ्या पोळ्याला आम्ही मामाच्या गावी गेलो, दारव्हा तालुक्यात. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना पळसाच्या पानांनी तूप-हळद चोळली गेली आणि बैलांना रीतसर दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं गेलं. (आम्हाला आवतण फोनवर आलं होतं, तेही मामीने दोनदा कट केलेल्या फोनवर.) दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगूरमाळा घालून सगळ्या जोड्या आखरावर तोरणाखाली उभ्या. मी लेकीला उचलून मामाच्या पांढऱ्या बैलासमोर नेलं. त्याने तिच्या पायाचा वास घेतला आणि नाकातून एक लांब, गरम फुसकारा सोडला.

आणि ती हसली. म्हणजे आवाजासकट, खळखळून, पोट हलेपर्यंत. त्याआधी ती झोपेत हसायची, पण ते श्रेय आमच्याकडे सटवाईला जातं. हे जागेपणीचं पहिलं हसू, आणि ते मिळवलं कोणी, तर बैलाने. मी दोन महिने तिच्यासमोर माकड, कोंबडा, आमचे मुख्याध्यापक, सगळ्यांच्या नकला करत होतो, तिने भुवईसुद्धा हलवली नव्हती. तरी मला इतका आनंद झाला, की खिशातली पाचशेची नोट काढून सालगड्याच्या हातावर बोजारा म्हणून ठेवली. मामा बघतच राहिला. "अबे, बैल माहा, गडी माहा, अन् तू कायचे पैसे देऊन राहिला?"

त्या हसण्याची नशा उतरायच्या आत तान्हा पोळा आला. त्याची तयारी मी महिनाभर आधीच केली होती. बाजारात दीडदोनशे रुपयांना हातभर नंदी मिळतात, चाकं लावलेले, रंगवलेले. पण लेकीचा पहिला पोळा! आपला जिल्हा सागवानाचा, तेव्हा नंदीही सागवानीच हवा, असं म्हणून मी एका सुताराला गाठलं आणि "जरा मोठाच करा" असं सांगितलं. सुताराचं 'जरा' आणि माझं 'जरा' यांत तफावत निघाली. नंदी घरी आला तो ऑटोतून, दोन माणसांनी उचलून. माझ्या गुडघ्याच्या वर त्याचं वशिंड येत होतं. लेक तेव्हा आधाराशिवाय बसतही नव्हती. आईने नंदीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा तिले ओढन, का थे याले?"

तान्ह्या पोळ्याला पोरं आपापला नंदी घेऊन घरोघर जातात, घरची बाई नंदीला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. माझा बेत असा होता, की एका हातावर लेक, दुसऱ्या हातात नंदीची दोरी. लेकीला हिरवं छोटं लुगडं नेसवलं होतं आणि मुठीत कापसाचं बोंड दिलं होतं. बोंड तिने पहिल्या घरीच तोंडात घातलं. ते काढायला बायकोने तिला घेतलं, तर ती खांद्यावर झोपून गेली, आणि दोघी घरी परतल्या. मीही परतायला हवं होतं. पण नंदी सजलेला, गल्ली अर्धी उरलेली, आणि ओल्या रस्त्यावर चाकं इतकी छान फिरत होती.

तिसऱ्या घरच्या काकूंनी दार उघडलं. खाली पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं.

"लेकरू कुठं हाय?"

"झोपलं."

"मंग तुमी?"

"मी नंदी घेऊन आलो."

बिचारीने नंदीला कुंकू लावलं, ओवाळलं आणि अकरा रुपये माझ्या हातावर ठेवले. मी ते घेतले. इथून पुढे माझी लाज गेली ती गेलीच. सगळ्या गल्लीत माझ्याएवढा नंदी कोणाचा नव्हता आणि माझ्याएवढा पोरगाही. बाया कौतुकाने मुलांना बाहेर बोलावून दाखवत, आणि ते कौतुक नंदीचं आहे असं मी धरून चाललो होतो. शेवटी चौथी-पाचवीतल्या तीन पोरांचं शिष्टमंडळ मला आडवं आलं. "काका, तुमचा नंदी मोठा हाय म्हणून तुमाले एकवीस भेटून राहिले, अन् आमाले पाच." मी त्यांना बोजाऱ्यामागची भावना समजावून सांगत असताना दोरी हातातून सुटली.

आमची गल्ली उताराची आहे. खालच्या टोकाला कॉलनीची नंदी-सजावट स्पर्धा होती. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली पोरांनी ओळीने मांडलेले पंचवीस-तीस नंदी, आणि हातात कागद घेऊन वाकून गुण देणारे परीक्षक. सागवान जड असतं. उतारावर ते थांबत नाही. मी "हो! हो! हो!" करत मागे धावलो, जणू त्याला कळणार होतं. परीक्षकांनी वेळेवर उडी मारली. नंद्यांना उडी मारता येत नाही.

रडारड झाली, एका नंदीचं शिंग गेलं, एकाची दोन चाकं. माझ्या नंदीला ओरखडाही नाही. गोळा झालेला सगळा बोजारा मी जागच्या जागी नुकसानभरपाईत वाटला, वर घरून आणखी आणावे लागले. तरीही परीक्षकांनी माणुसकी दाखवून आमच्या नंदीला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, प्लास्टिकचा टिफिन. नाव पुकारलं लेकीचं, स्वीकारायला गेलो मी. टाळ्या वाजवल्या फक्त त्या तीन पोरांनी, आणि त्या कशासाठी होत्या ते मी विचारलं नाही.

गणपती आणि महालक्ष्म्या तुलनेने शांततेत गेल्या. तुलनेने म्हणजे, लेकीने थोरल्या महालक्ष्मीच्या पदराला धरून तिला एकदाच पुढे ओढलं. कोणी पडलं नाही. आंबिलीचं पातेलं पडलं.

मग नवरात्र आलं. दुर्गोत्सवात कोलकात्याच्या खालोखाल यवतमाळच, हे वाक्य यवतमाळचा माणूस पाठ करून जन्माला येतो. ते खरं की खोटं हे कोलकात्याने ठरवावं, पण त्या रात्री शहरभर उभे राहिलेले देखावे आणि ते पाहायला तालुक्या-तालुक्यांतून लोटलेली गर्दी पाहिली, की आमचा अभिमान अगदीच हवेत नाही हे पटतं. अष्टमीच्या रात्री मी लेकीला घेऊन निघालो. त्यासाठी ऑनलाइन बाबागाडी मागवली होती. दत्त चौकाच्या गर्दीत ती बाबागाडी शिरली आणि आमच्या जुन्या शकुंतला एक्स्प्रेसच्या चालीने, थांबत, विचार करत सरकू लागली. लेकीला गर्दीत गुदमरायला नको म्हणून बायकोने तिला कधीच कडेवर घेतलं होतं. हे मला माहीत नव्हतं. माझं लक्ष देखाव्यांवर होतं, आणि मी अधूनमधून खाली न बघता गाडीतल्या जिवाला माहिती देत होतो. बघ, देवीचे दहा हात. बघ, महिषासुर.

"त्याच्या पोटातून लाल लाईट निघून राहिला," गाडीतून उत्तर आलं.

सहा महिन्यांच्या लेकीने पहिलं वाक्य बोलावं आणि तेही एवढं लांब, हे ऐकून मी भारावून खाली पाहिलं. गाडीत चारेक वर्षांचा एक मुलगा ऐसपैस बसून पोंगे खात होता. तो कुठे चढला, हे त्यालाही सांगता येईना. उतरायला सांगितलं तर त्याने दांडा घट्ट धरला. जवळच्या मंडळाच्या लाउडस्पीकरवरून घोषणा झाली, "लाल शर्टातला मुलगा बाबागाडीत सापडला आहे." ती ऐकून आलेल्या त्याच्या आईने पोराला सोडून मलाच झापलं. सगळं ऐकून घेतलं. देवीचे दिवस होते. पोरगा गेला, पोंगे गाडीत राहिले, आणि बायको दोन मंडळं पुढे रसवंतीजवळ भेटली. लेक जागी होती. तिने एवढ्या रोषणाईतून पाहण्यासाठी निवडला होता तो रसवंतीचा एक उघडा बल्ब.

कोजागरीचं दुःख जरा वेगळं. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या थोरल्या अपत्याची आश्विनी करतात. नवे कपडे, पाट, औक्षण. आजवर तो मान माझा. मी नवा शर्ट घालून तयार होतो. आईने पाट मांडला, निरांजन लावलं आणि नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सुनेला म्हणाली, "बस व माय." नातीला ओवाळलं, हातावर साखर ठेवली, निरांजन देवापुढे नेऊन ठेवलं. मी खाकरलो. आई वळली. "अरे, तू बी हाव काय? ये ना मंग." वात विझत आली होती. तेवढ्यावर माझं झालं.

दिवाळीबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की जी मुलगी रोज पहाटे चारला आम्हाला उठवते, ती नरक चतुर्दशीला नऊपर्यंत उठली नाही, आणि कोमट केलेल्या पाण्यात, वाटलेल्या उटण्यानिशी, अभ्यंगस्नान मी केलं.

राहिलं बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणून तयारीला वेळ भरपूर होता. माझ्याकडे वेळ असणं घातक असतं हे आता घरात सगळ्यांना कळलं आहे. काळं झबलं बायकोने शिवून आणलं. हलव्याचे दागिने बाजारात तयार मिळतात. पण मी ठरवलं, हलवा घरी करायचा. कृती ऐकायला सोपी आहे. परातीत तीळ, खाली मंद आच, वरून एकतारी पाक चमचा चमचा सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. थंडीत, धीराने, तासन्‌ तास. तिळावर साखरेचे थर चढतात आणि काटा फुटतो. मी पहाटे कुडकुडत बसलो. थर चढले. पण धीर सुटल्याने पाक एकदम जास्त पडला, आणि सगळे तीळ एकमेकांना धरून बसले. काटा फुटला तो परातीला. जो काही गोळा निघाला, त्याचे तुकडे दोऱ्यात ओवून मी मनगट्या केल्या. आईने एक उचलून तोलली. "दागिने नाहीत बाप्पा हे, बेड्या हायेत."

शेवटी मुकुट, हार, बाजूबंद बाजारातूनच आले. रात्री ते मी फडताळात नीट झाकून ठेवले. सकाळी हारात जितका हलवा, तितक्याच मुंग्या. त्या झटकत असताना गल्लीतली पोरं जमू लागली. त्यांत ते तिघे होतेच.

बोरन्हाणात बाळाला पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे कांडे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या ओतायच्या. पोरांनी ते लुटायचं. रानची गावरान बोरं करवंदाहून थोडी मोठी. मी मात्र हौसेने अॅपल बोरं आणली होती, मुठीत एकच मावेल अशी. पाटावर ठेवताच लेकीने भोकाड पसरलं. तिने हाराचं चघळलेलं टोक गळ्यावर चिकटवून घेतलं होतं आणि मुकुट एका डोळ्यावर आला होता. मग मीच तिला मांडीवर घेऊन पाटावर बसलो. तिच्या डोक्यावर माझं डोकं. आईने मोठं भांडं उचललं. वर्षभरात तिने एवढ्या उत्साहाने काही उचललेलं मी पाहिलं नव्हतं.

पहिलं अॅपल बोर टाळूवर बसलं. दुसरं कानावर. "हळू, हळू," मी म्हणालो, पण सुवासिनींचं गाणं सुरू झालं होतं. उसाचा कांडा कॉलरमधून आत गेला. मुरमुऱ्यांनी चष्मा भरला. आणि पोरं तुटून पडली, माझ्या गुडघ्यावरून, पाठीवरून, खिशात हात घालून. त्या तिघांपैकी एकाने शर्टाच्या आत गेलेला ऊससुद्धा सोडला नाही.

चष्मा पुसून पाहिलं तर मांडी रिकामी. लेक रांगत त्या घोळक्यात पोचली होती. दोन्ही मुठीत मुरमुरे, मुकुट कधीच गेलेला, आणि अंगावर पडलेल्या एका पोराकडे पाहून ती हसत होती, बैलाकडे पाहून हसली होती तशी, आवाजासकट. वळून माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती.

कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या. त्यांना अलीकडे फार दिसत नाही. त्यांनी पाटावरच्या डोक्यावर हात फिरवला, तिळगूळ आणि अकरा रुपये हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "लय मोठा हो, बापू."

मी वाकून नमस्कार केला आणि बसून राहिलो.

"आता उठ ना बाप्पा," आई म्हणाली. "पाट लागते मले, बायांले हळदीकुंकवाले बसवाचं हाय."